'नाइस' म्हणजे मूर्ख? एका शब्दाची कुंडली

चहाबाज (धागाकर्ती)
मंगळवार, रात्री १:१०

झोप येत नाहीये म्हणून धागा काढतेय, आधीच असा धागा असेल तर लिंक द्या, उडवून टाकते.

लेकीचा (आठवीत आहे) इंग्रजीचा निबंध तपासून आला. विषय रायगडाची सहल. त्यात 'नाइस' हा शब्द सात वेळा आणि सातही ठिकाणी लाल गोल. खाली बाईंचा शेरा, की हा शब्द आळशी माणसांचा आहे, दुसरे शब्द शोधून निबंध परत लिहून आण. लेक रडकुंडीला आली. मी म्हटलं थांब, हा नाइस मुळात आहे तरी कोण ते बघू, आणि शब्दकोश उघडून बसले ते आत्ता उठतेय, ओटा तसाच पडलाय.

तर झालंय असं की नाइस चा मूळपुरुष लॅटिन 'नेस्किउस'. 'ने' म्हणजे नाही आणि 'स्किरे' म्हणजे जाणणं. ज्याला काही ठाऊक नाही तो, अडाणी. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'नीस' झाला, अर्थ बावळट, वेंधळा. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड घेतल्यावर पुढची दोनतीनशे वर्षं फ्रेंच शब्दांची रीघच लागली होती तिकडे, त्या गर्दीत हाही आला. १३०० च्या आगेमागे इंग्रजीत दिसायला लागतो तेव्हा कुणाला नाइस म्हणणं म्हणजे सरळ सरळ मूर्ख म्हणणं!

मग पुढे अर्थ कसा घसरत (की चढत?) गेला बघा. मूर्ख, मग भित्रा, मग नखरेल आणि ज्याला काही पसंतच पडत नाही असा, मग नाजूक, मग १५०० नंतर काटेकोर, बारीक नजरेचा, आणि १७६९ मध्ये पहिल्यांदा आपला नेहमीचा 'छान'. मायाळू, स्वभावाने चांगला हा अर्थ तर १८३० चा. म्हणजे ज्या अर्थाने आपण दिवसातून वीस वेळा नाइस टाइपतो तो जेमतेम अडीचशे वर्षांचा आहे आणि शब्द सातशे वर्षांचा.

मला कोडं पडलंय ते हे की मूर्ख पासून छान पर्यंत माणूस जातोच कसा. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

झोपाळू
मंगळवार, सकाळी ७:५५

वाचतोय. म्हणजे आमचे साहेब मेलला नुसतं 'नाइस' असं उत्तर देतात ते जुन्या अर्थाने असणार, आज कळलं.

अवांतर: वर साखर भुरभुरलेलं नाइस बिस्किट, त्याचा या मूर्खाशी काही संबंध? आणि फ्रान्समधलं नीस शहर? स्पेलिंग तर तेच आहे.

घाटमाथा
मंगळवार, सकाळी ९:३०

@झोपाळू, शहराचा काही संबंध नाही. ते ग्रीक नाव, मूळ 'निकाइआ', विजयाची देवी नीके हिच्यावरून. बुटांवाली नायकी कंपनीही त्याच देवीची. लॅटिनच्या अडाण्याची आणि तिची गाठ फक्त स्पेलिंगपुरती. बिस्किटाचा उच्चार नाइस की नीस यावर इंग्लंडात लोक अजून भांडतात, आपण चहात बुडवून मोकळे.

चहाबाज, धागा झकास. याचा बरोब्बर उलटा प्रवास केलेला शब्द म्हणजे 'सिली'. त्याचं जुनं इंग्रजी रूप 'सेलिग', अर्थ सुखी, भाग्यवान, देवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये 'झेलिश' अजून त्याच पवित्र अर्थाने जिवंत आहे. इंग्रजीत मात्र कृपा असलेला तो निष्पाप, निष्पाप तो गरीब बिचारा, बिचारा तो भोळसट, असं करत करत सोळाव्या शतकात सिली म्हणजे मूर्ख झाला. खंबाटकीसारखंच की, एक घाट चढतोय आणि त्याच वेळी दुसरा बोगद्यातून खाली उतरतोय, एकमेकांची तोंडंसुद्धा दिसत नाहीत.

अस्सल_देशी
मंगळवार, दुपारी १२:१५

लॅटिन फिटिन काही नाही. नाइस हा शब्द संस्कृत 'निष्णात' वरून आलाय हे उघड आहे, निष्णात, निष्ण, निश, नाइस. इंग्रजांनी आपल्याकडून नेला आणि मग आपल्यालाच विकला. अर्थ पण जुळतो, निष्णात म्हणजे उत्तम.

खडूसकाकू
मंगळवार, दुपारी १२:४०

@अस्सल_देशी, इंग्रज सुरतेला उतरले सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आणि हा शब्द इंग्लंडात त्याच्या तीनशे वर्षं आधीपासून चाललाय. पोस्टाने मागवला होता का?

@चहाबाज, आधी एक सांगते, मी स्वतः कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय आणि तुमच्या लेकीच्या बाईंचं फारसं चुकलं नाहीये. पण ही तक्रार नवी नाही. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'त हाच तंटा आहे. कॅथरीन एका कादंबरीला जगातलं सगळ्यात नाइस पुस्तक म्हणते, तर हेन्री टिल्नी तिला धरून बसतो. म्हणतो, हो ना, आजचा दिवस नाइस, आपलं हे फिरणं नाइस, तुम्ही दोघी मुलीही नाइस, फारच नाइस शब्द आहे बाई हा, कशालाही चालतो! पुस्तक छापून आलं १८१७ च्या अखेरीस, ऑस्टिन गेल्यावर पाच महिन्यांनी. पण लिहिलं होतं १७९८-९९ च्या सुमारास, म्हणजे 'छान' हा अर्थ रुळून पुरती तीस वर्षंही झाली नव्हती तेवढ्यात लोक त्याला कंटाळलेसुद्धा होते.

आणि यातली खरी गंमत वर्गात कधी कुणाच्या लक्षात यायची नाही. टिल्नी ऐटीत सांगतो की मुळात हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा एवढ्यासाठीच असावा. चक्क चूक! तो मुळाशी गेलाच नाही, मधल्याच एका स्टेशनावर उतरला आणि हेच गाव म्हणाला. मूळ गाठलं असतं तर मुलींना फिरायला नेऊन तोंडावर बावळट म्हटल्यासारखं झालं असतं.

निळी_छत्री
मंगळवार, दुपारी ३:०५

काकू _/\_ मधल्या स्टेशनावर उतरला हे भारीच.

पण मग एक शंका. मूळ अर्थ मूर्ख असेल तर नाइस म्हणणं चूक ना? म्हणजे मी तरी आता कुणाच्या फोटोखाली नाइस लिहिणार नाही बुवा, उगाच समोरच्याने हा धागा वाचलेला असला तर.

अस्सल_देशी
मंगळवार, दुपारी ३:२०

बरोबर आहे. मूळ अर्थ तोच खरा अर्थ. बाकी सगळा अपभ्रंश.

पाणिनीचा_पुतण्या
मंगळवार, रात्री ९:५०

दिवसभर ऑफिसात होतो, इथे एवढा दंगा चाललाय हे आत्ता बघतोय. जरा मोठा प्रतिसाद होणार आहे, पाणी घेऊन बसा.

@अस्सल_देशी, निष्णात सोडून द्या, पण तुमच्या मनासारखं थोडं आहे इथे, फक्त वेगळ्या दाराने. नेस्किउस मधला 'ने' आणि आपला संस्कृत 'न' हे सख्खे चुलत भाऊ आहेत, यात कुणाला शंका नाही. आणि 'स्किरे' म्हणजे जाणणं, याचं मूळ बहुतेक अभ्यासक कापणं, फोडणं, वेगळं करणं अशा अर्थाच्या एका आद्य धातूशी जोडतात. त्या खानदानात लॅटिन 'स्किन्देरे', ग्रीक 'स्खिझो' (स्किझोफ्रेनिया मधला) आणि आपला 'छिद्' हे सगळे येतात. छेद, छिद्र, छिन्नविच्छिन्न. म्हणजे जाणणं म्हणजे काय, तर एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता येणं. आता 'विवेक' आठवा, त्यातला 'विच्' धातूही वेगळं करणं हाच. नीरक्षीरविवेक. दोन्हीकडच्या लोकांनी जाणण्याला कापण्यावरूनच नाव दिलं याची मला दरवेळी मजा वाटते.

पण चुलत भाऊ म्हणजे बाप नव्हे हो. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशाने सांगितलं होतं ते हेच, संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्यात आणि ती भाषा कदाचित आज उरलेलीही नसेल. संस्कृतातून लॅटिन निघाली असं तो म्हणाला नव्हता.

स्किरे चं बाकी गोत पण बघा. सायन्स त्यातलाच, कॉन्शन्स त्यातलाच, आणि 'नेशन्स' म्हणून एक जड शब्द आहे, अज्ञान या अर्थाचा, तो तर नाइस चा सख्खा भाऊ, थेट लॅटिनमधून उचललेला म्हणून त्याचा चेहरा बदलला नाही. आता हे ऐका. जॉर्ज थिबो या पंडिताने ब्रह्मसूत्रांवरच्या शांकरभाष्याचं इंग्रजी भाषांतर केलं, १८९० आणि १८९६ असे दोन खंड, त्यात 'अविद्या'ला त्याने हाच नेशन्स शब्द वापरलाय. म्हणजे एक भाऊ बिस्किटाच्या पुड्यावर आणि दुसरा शंकराचार्यांच्या पंगतीला.

आता 'मूळ अर्थ तोच खरा' यावर. अशोक स्वतःला काय म्हणवून घ्यायचा? देवानांप्रिय, देवांचा लाडका. आपल्या नालासोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे सापडलेत. पुढे संस्कृत पंडितांनी याच शब्दाची अशी काही वाट लावली की भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात चक्क येतं, 'देवानांप्रिय इति च मूर्खे'. मूर्ख या अर्थी म्हणायचं असेल तेव्हा देवानांप्रिय. म्हणजे घाटमाथा यांचा सिली आणि आपला देवानांप्रिय एकाच बोगद्यातून उतरलेत, देवाचा लाडका ते ठोंब्या. मग आता अशोकाचा खरा अर्थ कुठला घ्यायचा?

खडूसकाकू
मंगळवार, रात्री १०:१५

पुतण्या, दंडवत. देवानांप्रिय माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

@निळी_छत्री, बिनधास्त लिहा नाइस. शब्दाचा अर्थ आज तो बोलणारे ठरवतात, त्याचे खापरपणजोबा नाही.

चहाबाजचा मूळ प्रश्न राहिलाच की, मूर्ख ते छान हा रस्ता. मला वाटतं मधली कडी 'चोखंदळ' ही आहे. आधी मूर्ख, म्हणजे नसत्या गोष्टींचं कौतुक करणारा, कपड्यालत्त्याचे चोचले करणारा. मग चोचले करणारा म्हणजे ज्याला सहज काही पसंत पडत नाही. आता ज्याला सहज पसंत पडत नाही त्याची नजर बारीक असते, आणि बारीक नजरेच्या माणसाला जे आवडतं ते चांगलंच असणार. चिडवता चिडवता मान कधी द्यायला लागले ते त्यांनाही कळलं नसेल. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात नाइस चा अर्थ बघाल तर अतिकाटेकोर, गरजेपेक्षा जास्त चिकित्सक असं सापडेल, वर हेही की हा शब्द बरेचदा नावं ठेवायला वापरतात. त्यानंतर चौदाच वर्षांनी 'छान'. काटेकोर अर्थ अजून मेलेला नाहीये, इंग्रजीत दोन गोष्टींमधला फार बारीक फरक दाखवायला आजही 'नाइस' फरक म्हणतात.

मधल्या काळात तर इतका सावळागोंधळ होता की वाचताना अडखळायला होतं. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये ते निरोपाचं पत्र रोमिओपर्यंत पोचतच नाही, प्लेगच्या भीतीने पत्र नेणाऱ्यालाच घरात कोंडून ठेवतात. तेव्हा फ्रायर लॉरेन्स हळहळून म्हणतो की ते पत्र 'नाइस' नव्हतं. दरवर्षी वर्गात एक तरी पोरगं लिहायचं की पत्र चांगलं नव्हतं! तिथे अर्थ आहे क्षुल्लक. पत्र क्षुल्लक नव्हतं, फार महत्त्वाचं होतं.

आणि माझं सगळ्यात लाडकं उदाहरण जुना इंग्रज कवी चॉसर याचं, १३८० च्या दशकातलं 'ट्रॉयलस अँड क्रिसेड'. तिथे तो म्हणतो की हजार वर्षांत बोलण्याची रीत बदलते, आणि ज्या शब्दांना तेव्हा मोल होतं ते आज आपल्याला भलतेच 'नीस' आणि विचित्र वाटतात. नीस म्हणजे खुळचट. शब्द बदलतात हे सांगायला त्या बाबाने नेमका पुढे सगळ्यात जास्त बदलणारा शब्द वापरावा! त्याला काय माहीत.

मेक्सिकोवाला
बुधवार, सकाळी ६:३०

इकडे संध्याकाळ आहे, धागा उशिरा दिसला. सहा वर्षं मेक्सिको सिटीत राहतोय (मूळचा नाशिककर) म्हणून भर घालतो.

लॅटिन नेस्किउस स्पॅनिशमध्ये अजून धडधाकट आहे, 'नेसिओ'. अर्थ मूर्ख, आणि इकडे जास्त करून हट्टी, हेकट. शेजारच्या घरातून रोज ऐकू येतं, पोरगं ऐकत नसलं की आई ओरडते 'नो सेआस नेसिओ', हट्टीपणा करू नकोस. सतराव्या शतकात सोर हुआना म्हणून इथली एक जोगीण कवयित्री होऊन गेली, तिची सगळ्यात गाजलेली कविता 'ओम्ब्रेस नेसिओस' अशीच सुरू होते, 'मूर्ख पुरुषांनो'. बायकांना स्वतःच बिघडवता आणि वर त्यांनाच दोष देता म्हणून पुरुषांना झाडलंय तिने. तिचा फोटो नोटेवर आहे इकडे.

आणि मजा म्हणजे मेक्सिकोत इंग्रजी नाइस पण येऊन पोचलाय, पण अर्थ निराळाच, 'हेंते नाइस' म्हणजे उच्चभ्रू लोक, जरा टोमण्यानेच. आपल्याकडे हायफाय म्हणतो ना तसं. म्हणजे एकाच आईचे दोन जुळे, एक रोममधून स्पेनमार्गे आला, दुसरा फ्रान्स, इंग्लंड, अमेरिका करत आला, आणि आता एकाच शहरात राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. हे मी ऑफिसात एका बाईंना सांगायला गेलो, त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मलाच नेसिओ म्हणाल्या.

घाटमाथा
बुधवार, सकाळी १०:००

मेक्सिकोवाला, वाचता वाचता चहा सांडला.

मराठीतलं पण येऊ द्या की कुणीतरी. मी सुरुवात करतो. 'शिक्षा', संस्कृतात शिकवण, हिंदीत अजून शिक्षण, आपल्याकडे एकदम छडी. 'चेष्टा' संस्कृतात हालचाल, खटपट, आपल्याकडे टिंगल. 'राग' म्हणजे रंग, ओढ, प्रेम, आपण मात्र त्याने डोळे लाल केले. 'साहस' तर धर्मशास्त्रात गुन्ह्याचं नाव होतं, जबरदस्तीने केलेलं कृत्य, आता शाळेत साहस शिबिरं भरतात, हा आपला घाट चढलेला नाइस म्हणायचा. आणि 'शहाणा'? तोंडावर म्हणून बघा कुणाला, 'फार शहाणा आहेस'!

पाणिनीचा_पुतण्या
बुधवार, दुपारी १:२५

+१. पण नाइस चा मराठी जोडीदार कोण विचाराल तर मी 'बरा' म्हणेन. मूळ संस्कृत 'वर', श्रेष्ठ, निवडलेला, उत्तम. 'बरवा' हा त्याचाच भाऊबंद. ज्ञानोबा विठ्ठलाला बघून म्हणतात 'तो हा विठ्ठल बरवा, तो हा माधव बरवा', तेव्हा त्यांना विठ्ठल ठीकठाक आहे असं म्हणायचं नसतं! देखणा, साजिरा, डोळ्याचं पारणं फेडणारा. आणि आज? 'कसा होता पिक्चर?' 'बरा होता.' झालं, पिक्चर पडला. नाइस पण आता त्याच वाटेला लागलाय, फार वापरून वापरून पातळ झालाय.

निळी_छत्री
बुधवार, दुपारी २:००

आमच्या सासूबाई कुठल्याही पदार्थाला 'बरं झालंय' एवढंच म्हणतात, गेली अकरा वर्षं. आजपासून मी तो ज्ञानेश्वरांच्या अर्थाने घेणार आहे.

अस्सल_देशी
बुधवार, दुपारी २:४०

निष्णात मागे घेतो. छिद् चालेल. देवानांप्रिय मात्र वाईट वाटलं.

चहाबाज
बुधवार, रात्री ११:००

बाप रे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे खूप आभार, काकू आणि पुतण्या तुमचे दोनदा. ऑफिसातून चोरून वाचत होते दिवसभर.

अपडेट देते. आज लेकीला घेऊन बसले. म्हटलं इंग्रजी बाजूला ठेव, या सात जागी तुला मराठीत काय म्हणायचं होतं ते सांग. तर धडाधड सांगितलं तिने. रस्ता वळणावळणाचा. रोपवे भारी. वारा झोंबणारा. गाईडकाका मिश्कील. टकमक टोक धडकी भरवणारं. गडावरच्या मावशींचं दही घट्ट आणि गोड. आणि डबा बरा. एकाही ठिकाणी तिच्या डोक्यात 'नाइस' नव्हतंच हो, सात वेगळे शब्द होते आणि इंग्रजीत येताना सगळ्यांना एकच युनिफॉर्म घातला होता. सहा शब्द मग आम्ही शोधले, दही वर सगळ्यात जास्त वेळ गेला. सातवा मात्र ती बदलायला तयार नाही. म्हणते, आई, डब्याला नाइस च बरोबर आहे, तेवढंच म्हणायचंय मला.

खडूसकाकू
बुधवार, रात्री ११:२०

राहू दे तो सातवा. बाईंनी गोल केला तर मला सांग, मी बोलते त्यांच्याशी.

झोपाळू
बुधवार, रात्री ११:२५

डब्यात होतं काय पण?

चहाबाज
बुधवार, रात्री ११:३१

उपमा. मीच केला होता.